वजा केलेलं आकाश

संगणकाच्या पडद्यावर डाग दिसला तेव्हा तिने आधी गुंडीलाच दोष दिला. गुंडी म्हणजे तिची मुलगी, चौदा महिन्यांची. जन्मली तेव्हा नाक एवढंसं, चपटं आणि वाटोळं, म्हणून बापाने पहिल्याच दिवशी गुंडी म्हटलं आणि कागदोपत्रीचं भारदस्त नाव कागदोपत्रीच राहिलं. सकाळी आईच्या मांडीवर बसून या गुंडीने केळ्याने बरबटलेले दोन्ही तळवे पडद्यावर थापले होते, वर जीभही लावून पाहिली होती. तेव्हा तिने बाहीचं टोक ओढून डाग पुसायला घेतला. पुसट, राखी, उजव्या वरच्या कोपऱ्यात कमानीसारखा वळलेला डाग. निघेना. तोंडाची वाफ देऊन पुसला, नखाने हलकेच खरवडला. शेवटी वैतागून तिने चित्रच डावीकडे सरकवलं, तर डागही चित्राबरोबर डावीकडे सरकला.

तिने चित्र पुन्हा जागेवर आणलं. डाग जागेवर आला. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी, तशी ती माउस धरून थबकली. बाहेरच्या खोलीत सासूबाई वाटीवर चमचा वाजवत होत्या आणि गुंडी प्रत्येक ठोक्याला हसत होती. एक ठोका, एक हसू, अगदी हिशेबशीर. इकडे या बंद करून घेतलेल्या गॅलरीत, जिथे दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, तिथे ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि त्या डागाकडे पाहत राहिली. तो काचेवर नव्हताच. तो अठरा कोटी वर्षं चालून आलेला प्रकाश होता. एका सर्पिल दीर्घिकेची, दूरच्या एका भोवऱ्यासारख्या आकाशगंगेची, सगळ्यात बाहेरची, सगळ्यात फिकी भुजा. आणि ती भुजा बरोबर तिथे होती, जिथे तिने सोळा महिन्यांपूर्वी एक चौकोन काढून त्यात लिहिलं होतं की इथे काही नाही.

तिचं काम बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर हसू येईल असं होतं. दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांमधून दीर्घिका मोजायच्या: किती मोठी, किती कललेली, मध्यापासून कडेपर्यंत उजेड कसकसा उतरत जातो. पण मोजण्याआधी आकाश वजा करावं लागतं. आकाश म्हणजे काही काळंकुट्ट नसतं, त्यालाही स्वतःचा एक मंद उजेड असतो, आणि तो चित्राच्या कणाकणात मिसळलेला असतो. म्हणून चित्रातली अगदी रिकामी जागा शोधायची, तिथे चौकोन आखायचा, त्या चौकोनात जेवढा उजेड भरेल तेवढा सगळ्या चित्रातून काढून टाकायचा. मग उरते ती दीर्घिका. कामावर रुजू झाली त्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी, म्हणजे तिच्या विभागप्रमुखांनी, हे शिकवलं होतं. त्यांची शिकवण्याची पद्धत टोमण्यांची होती. म्हणाल्या होत्या, जे आहे ते कोणालाही दिसतं, तुला पगार जे नाही ते शोधण्याचा आहे. आणि तिला ते जमायला लागलं. हात बसला. चाळीस दीर्घिकांच्या चाळीस चित्रांत तिने चाळीस रिकाम्या जागा शोधल्या, आणि त्यातल्या या एकीने तिचं नाव केलं.

कारण या एकीचा उजेड उतरत उतरत जात नव्हता. मध्यापासून साठ हजार प्रकाशवर्षांवर तो थांबत होता. एकदम. कात्रीने कापल्यासारखा काठ. बाकीच्या दीर्घिका कडेला विरून जातात; ही संपत होती. विभागात त्या दीर्घिकेचं नाव काठवाली पडलं, आणि मग हळूहळू दीर्घिकेवरून ते तिच्यावरही आलं. निबंध छापून आला, त्यावर तिचं नाव पहिलं. तपासणाऱ्या दोघांनी आलेख उलटसुलट पाहिले. चौकोन कोणी पाहिला नाही, चौकोन कोण पाहतं. पलीकडच्या खोलीतल्या दाढीवाल्याने, तो कागदावरच काम करतो आणि दुर्बिणींना गवंड्यांची हत्यारं म्हणतो, त्या काठावर एक अख्खा सिद्धांत उभा केला: दीर्घिका अशी मध्येच का थांबते, तिला कोण थांबवतं. पुढच्या आठवड्यात तो त्यावर मोठ्या सभेत बोलणार होता. आणि या काठाच्याच जोरावर, बाळंतपणानंतर एवढे महिने घरी बसूनही, तिची जागा टिकली होती. आज तीनच्या बैठकीत मॅडम तिचं पुढचं काम ठरवणार होत्या. आणि येत्या सोमवारी, चौदा महिन्यांनी, ती पुन्हा संस्थेत जाणार होती. स्वतःच्या टेबलाशी.

त्या टेबलात तसं पाहायला गेलं तर काय होतं. खिडकीतून गाड्या लावायच्या जागेची भिंत दिसायची आणि भिंतीवरचा एक नळ, ज्याला दुरुस्त करायचं असं सगळे पाच वर्षं म्हणत होते. खालच्या खणाला चावी नव्हती. खुर्चीचं एक चाक हट्टी होतं, ते तिला नेहमी थोडं उजवीकडे न्यायचं. पण तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिला कोणी हात लावायचं नाही. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं नव्हतंच. चौदा महिन्यांत तिच्या अंगावर सतत कोणीतरी होतं, कडेवर, मांडीवर, छातीशी, केसांत अडकलेली बोटं, गळ्यात रुतलेली हनुवटी. आणि ते वजन नसेल तेव्हा तर अधिकच वाईट, कारण तेव्हा कान बाहेर लागलेले. सोमवारसाठी तिने नवे बूट घेतले होते. बाळंतपणात पाय अर्ध्या मापाने वाढला होता, जुने चढेनात. नवे बूट घालून ती दोनदा घरातल्या घरात चालली होती, सासूबाई अंघोळीला गेल्या असताना.

सोळा महिन्यांपूर्वीचा तो दिवस तिला आता आठवावा लागला नाही, तो येऊन समोर बसलाच. आठवा महिना. पाय सुजून पावासारखे झालेले, टेबलाखाली एका उलट्या डब्यावर ठेवलेले. पोट इतकं पुढे आलं होतं की खुर्ची मागे सरकवून, हात लांब करून माउस धरावा लागे. आत पोर उसळत होतं. त्या दुपारी तिला फक्त आडवं व्हायचं होतं. चित्र समोर, मधोमध दीर्घिका, दोन भुजा छान उलगडलेल्या; आणि तिने उजव्या वरच्या कोपऱ्यात चौकोन काढला. तिथेच का, तर तिथे हात सहज पोचला. खरं म्हणजे चार कोपऱ्यांत चार चौकोन काढायचे, चारींची तुलना करायची, एखादा वेगळं बोलत असेल तर थांबायचं. इतरांच्या वेळी तिने ते केलं होतं, निदान तेव्हा असं वाटत होतं. या वेळी एकच काढला. आत लाथ बसली होती, हे तिला स्वच्छ आठवतं, ती हसली होती, पोटावर हात ठेवून म्हणाली होती, हो ग बाई, झालंच. आणि झालं होतं. भुजेचा उजेड तिने आकाश म्हणून मोजला आणि सगळ्या चित्रातून वजा केला. दीर्घिकेतून दीर्घिका वजा केली. मग काठ सापडणारच. काठ तिनेच कापला होता.

दार ढकलून सासूबाई आल्या. एका हातात चहा, दुसऱ्या कडेवर गुंडी. त्या दार वाजवत नाहीत, कारण हात मोकळा नसतो, आणि मोकळा असला तरी घरच्या दाराला कोण वाजवतं. म्हणाल्या, "थंड करू नको हं, मागच्या वेळी साय धरली होती." मग नजर पडद्यावर गेली, आणि दर वेळी विचारतात तसं त्यांनी विचारलं, काय म्हणतेय तुझी भिंगरी. ती म्हणाली, काही नाही. गुंडीने आईकडे झेप टाकली, आजीने तिला वरच्यावर अडवली, "आईला काम आहे, आईला सोड", आणि गुंडी रडली, आणि सासूबाईंनी तिला पलीकडे नेलं. यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. सासूबाई आपलं घर बंद करून, आपली झाडं शेजारणीच्या भरवशावर टाकून, सहा आठवड्यांसाठी म्हणून आल्या आणि चौदा महिने राहिल्या. कुरकुर नाही, उपकाराची भाषा नाही. कधी कधी तिला वाटे, एखादी कजाग सासू असती तर बरं झालं असतं, निदान भांडायला भिंत मिळाली असती. इथे सगळीकडे उशा होत्या. जिकडे डोकं आपटावं तिकडे कोणीतरी आधीच उशी ठेवलेली.

चहावर साय धरली. तिने चित्राचा उजेड वाढवला, कमी केला, रंग उलटे केले, पांढऱ्यावर काळं. भुजा होतीच. आता तर डोळे मिटले तरी होती. हे चित्र कोणी मागवलेलं नव्हतं. परक्या देशातल्या एका गटाने मोठ्या दुर्बिणीने भलत्याच एका ताऱ्यासाठी रात्रीमागून रात्री उजेड साठवला होता, आणि त्यांच्या चित्राच्या कडेला तिची दीर्घिका आयती सापडली होती. त्यांच्यातल्या एकाने सहज पाठवून दिली: तुमची काठवाली आमच्याकडे पाहुणी आली आहे, हवी असेल तर ठेवा. त्याने स्वतः नीट पाहिलीही नसणार. म्हणजे या क्षणी हे जगात एकट्या तिला माहीत होतं. चित्र मिटलं, पत्र पुसलं, की सोमवार जिथल्या तिथे. वर्ष जाईल, दोन जातील, मग कोणीतरी पाहीलच. पण तोवर ती टेबलाशी असेल. आणि दाढीवाला? तो भर सभेत उभा राहून सांगेल की दीर्घिकेला कोण थांबवतं, आणि तिला एकटीला माहीत असेल की थांबवणारी बाई आठव्या महिन्यात होती आणि तिचे पाय सुजले होते. याचं तिला हसू आलं, आणि हसू येतंय म्हणून भीती वाटली.

खरी भीती दुसरीच होती, आणि ती दीर्घिकेची नव्हती. ती अशी, की आणखी कुठे कुठे आपण असाच चौकोन काढून ठेवलाय. गुंडी चार महिन्यांची असताना दुपारी ती झोपली की ही पलंगाच्या कडेला बसून तिचा श्वास ऐके. नुसतं पाहून पुरत नसे, ऐकावा लागे. पण स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरायचा. मग तिने युक्ती काढली, घरघर कानांतून वजा करायची; जी सतत आहे ती सोडून द्यायची, आणि मग जो उरेल तो श्वास. तेही जमलं. इतकं जमलं की फ्रिज ऐकू येईनासाच झाला. आणि एका दुपारी वीज गेली. फ्रिज थांबला, आणि त्या अचानक शांततेत तिला वाटलं श्वासच थांबला. तिने झोपलेल्या पोरीला खस्सकन उचललं, पोर दचकून किंचाळली, सासूबाई धावत आल्या. त्यानंतर काही दिवस नवरा आणि सासूबाई तिच्याशी जरा हळू बोलत. तिला तेव्हा कळलं की जे ती श्वास म्हणून ऐकत होती त्यात थोडा फ्रिजही होता. मग इतके दिवस ती नक्की काय ऐकत होती?

पडद्याशेजारी भिंतीला गुंडीचं लसीकरणाचं कार्ड टाचलं होतं, वजन, उंची, डोक्याचा घेर. त्याच्या शेजारी, तिच्याच अक्षरात, दीर्घिकेची माहिती: कल चाळीस अंश, आपल्यापासून दूर जाण्याचा वेग सेकंदाला जवळजवळ चार हजार किलोमीटर, एका बाजूचा उजेड किंचित निळ्याकडे झुकलेला, दुसऱ्या बाजूचा किंचित लालीकडे, म्हणजे फिरतेय, एक फेरी पुरी व्हायला पंचवीस कोटी वर्षं. हे दोन्ही कागद एकाच माणसाने भरल्यासारखे दिसत. आणि दोन्हींत एक मोठी खोट होती, जी तिला आज पहिल्यांदा टोचली. दीर्घिका एकाच बाजूने दिसते. तिच्याभोवती चालून जाता येत नाही. मागून ती कशी आहे, तिरकी पाहिली तर कशी आहे, हे माणसाला कधीच कळणार नाही; जिथे आपण आहोत तिथूनच पाहायचं आणि कल चाळीस अंश असं लिहायचं, जणू कलंडली ती आहे, आपण नाही. तिला वाटलं, मलाही सगळे असेच एकाच जागेवरून पाहतात. दाराच्या बाजूने. आणि मग वाटलं, सगळे कशाला, मी तरी स्वतःला आणखी कुठून पाहते.

एक वाजता नवऱ्याचा फोन आला. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, आणि त्याचं अर्धं काम यंत्रांशी नसून आत अडकलेल्या माणसांशी असतं. दुरुस्तीचा माणूस पोचेपर्यंत त्यांना फोनवर धीर द्यायचा: हलू नका, दार उघडायला जाऊ नका, हवा भरपूर आहे, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप जागा आहे. त्यासाठी त्याच्याकडे एक आवाज आहे, सपाट, उबदार, इस्त्री केलेला. लग्नाच्या आधी तिला तो आवाज फार आवडला होता. तिने त्याला सांगितलं, फार थोडक्यात, की कामात चूक सापडली आहे, मोठी, आणि कदाचित सोमवार हातचा जाईल. मग तो आवाज आला. "हे बघ, घाई करू नको. आधी जेव. सांगायचं तर सांग, नाही तर पुढच्या महिन्यात सांग. कुठे काही कोसळत नाहीये." तिने विचारलं, तू आता माझ्याशी बोलतोयस की लिफ्टमधल्या माणसाशी. तो हसला आणि म्हणाला, लिफ्टमधली माणसं निदान माझं ऐकतात. मग कोणीतरी त्याला हाक मारली आणि त्याने फोन ठेवला. ती फोन हातात धरून उभी राहिली. हवा भरपूर आहे, हे खरंच होतं. अडकलेल्या माणसाला हवेची तक्रार नसतेच.

ती जेवली. गुंडीला भरवलं, तोंड पुसलं, डाव्या कानामागे पुरळ आहे की उन्हाचा चट्टा ते पाहिलं, पुन्हा पाहिलं. गुंडीने तिचे गाल दोन्ही हातांत धरून कपाळाला कपाळ लावलं, ही तिची नवी खोड, आणि एवढ्या जवळून ते दोन डोळे एकात एक मिसळून एकच मोठा काळा डोळा झाला. त्या क्षणी तिला सोमवार नको होता. आणि मग पोरीने तिचा खालचा ओठ चिमटीत धरून ओढला, आणि सोमवार पुन्हा हवासा झाला, ओठ सुटण्याच्या आतच. हे असं दिवसातून चाळीस वेळा व्हायचं. कोणत्या वेळचं खरं म्हणायचं?

तीनला पाच कमी असताना तिने गॅलरीचं दार लावून घेतलं, केस सारखे केले, आणि पडद्यावर मॅडम आल्या, मागे त्यांची ती फायलींची भिंत. खालच्या चौकटीत दाढीवाला, दाढी नेहमीपेक्षा विंचरलेली. त्याला उत्साह मावत नव्हता. काठाच्या बाईंना नमस्कार, म्हणाला, पुढच्या आठवड्यात तुमचा काठ गाजवतो बघा. मॅडम म्हणाल्या, आधी हिचं ठरवू, मग तुझं कीर्तन. आणि विचारलं, सोमवारी येतेयस ना.

ठरवलेलं असं काही नव्हतं. तिच्या तोंडात हो होतं, जिभेच्या टोकावर, नवे बूट घातलेलं. पण दाढीवाल्याचा हसरा चेहरा त्या छोट्या चौकटीत होता, त्याला काही माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे आणखी दोन वर्षं पाहावं लागेल हे तिला अचानक, अंगावर शहारा यावा तसं, कळलं. ती म्हणाली, "मॅडम, काठ नाहीये."

मग तिने चित्र दाखवलं. चौकोन कुठे होता ते दाखवलं. सगळं सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत. दाढीवाला पडद्याच्या इतका जवळ आला की चौकटीत नुसतं कपाळ उरलं. मग तो मागे सरकला, आणि कोणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाला, छान भुजा आहे. एवढंच. त्याने चष्मा काढला आणि तो पुसत बसला.

मॅडमनी विचारलं, "तुला केव्हापासून माहीत आहे?"

"आज सकाळपासून."

"मी तुझ्या जागी असते तर सोमवारपर्यंत थांबले असते," मॅडम म्हणाल्या, आणि त्या थट्टा करतायत की नाही हे नेहमीप्रमाणे कळलं नाही. मग त्या कामाला लागल्या. चुका सगळ्यांच्या होतात, त्यांनीही एकदा एका धूमकेतूच्या जागी घुबड मोजलं होतं; निबंध मागे घ्यायचा, दुरुस्ती छापायची, त्यात तिचंच नाव राहील. आणि आता एका चौकोनाचा भरवसा गेला म्हणजे चाळीसांचा गेला. चाळीसही पुन्हा मोजायच्या, एकेक, चारी कोपरे. वर्षाचं काम, दीडही लागेल. दुसऱ्या कोणाला देता येणार नाही, कारण कुठला चौकोन कसा काढला हे तिलाच ठाऊक. म्हणजे तिला काढून टाकत नव्हते. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरायला लागलं होतं, तेवढ्यात मॅडम पुढे म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चक्क मऊ झाला, "आणि हे बघ, याला काही इथे येऊन बसायला लागत नाही. घरूनच कर. पोर लहान आहे, तेवढीच तुझी सोय. टेबल मी नव्या मुलाला देते, तो बिचारा जिन्याखाली बसतोय."

तिला म्हणायचं होतं, मला टेबल हवंय. तीनच शब्द जुळवायचे होते. पण ते म्हणायचं तर कशासाठी हे सांगावं लागलं असतं, आणि आत्ताच सगळ्यांचा काठ मोडून झाल्यावर, दाढीवाला चष्मा पुसत असताना, मला एक भिंत आणि गळका नळ हवाय, आठ तास मला कोणी हात लावायला नकोय, हे कोणत्या तोंडाने सांगायचं. त्याच वेळी बाहेर गुंडी रडायला लागली, मोठ्याने, भोकाड पसरून. मॅडमनाही ऐकू गेलं. त्या हसल्या, "बघ, बोलावणं आलं."

"चालेल," ती म्हणाली. आपण कोणते शब्द वापरतोय हे आधी कळावं इतकीही फुरसत नव्हती. चालेल म्हणाली, आभारही मानले. पडदा मिटला आणि त्या काळ्या काचेत तिचा चेहरा दिसला, हसरा, कारण हसू अजून उतरवायचं राहिलं होतं.

बाहेर बातमी दाराच्या फटीतूनच गेली. तिने नुसतं डोकं बाहेर काढून सांगितलं की सोमवारी जायचं नाही, घरूनच काम आहे, वर्षभर तरी. सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी गुंडीला खांद्यावरून खाली घेतलं आणि म्हणाल्या, बरं झालं बाई, मी काल रात्रभर विचार करत होते ही पोर तुझ्यावाचून कशी राहील. आणि पुढे म्हणाल्या, मीही राहते मग वर्षभर, झाडं काय, शेजारीण बघतेय. नवऱ्याला तिने फोनवर लिहून कळवलं, त्याचं लगेच उत्तर आलं: सुटलीस. ती पुन्हा आत आली आणि तिने दार लावलं. कडी घातली. या कडीला चौदा महिन्यांत कोणी हात लावला नव्हता, ती गंजली होती, तिला दोनदा जोर लावावा लागला.

काम सुरू करायला हरकत नव्हती. तिने मोठ्या दुर्बिणीचं चित्र उघडलं आणि नवा चौकोन घेतला. भुजेच्या बाहेर सरकवला, उजेड मोजला. आकडा आला, पण त्याच्या पुढे आणखी थोडं बाहेर मोजलं तर आकडा आणखी थोडा खाली गेला. म्हणजे इथेही होतं काहीतरी. आणखी बाहेर. आणखी थोडं खाली. डोळ्यांना केव्हाच सगळं काळं होतं, पण आकडा उतरतच होता, बोटभर, केसभर, आणि चौकोन सरकत सरकत चित्राच्या कडेला जाऊन टेकला. पुढे चित्र नव्हतं. तिने हात माउसवरून काढला, खुर्चीवरून उठली, आणि का ते न कळता दाराला पाठ लावून खाली जमिनीवर बसली, गुडघे पोटाशी घेऊन.

पलीकडून तुरुतुरु पावलं आली. दारावर तळवा आपटला. मग दाराखालच्या फटीतून चार बोटं आत आली, चिकट, गुलाबी, तिच्या पायाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, आणि फरशी चाचपायला लागली. आई, गुंडी म्हणाली. हा शब्द ती नुकताच शिकली होती, आणि अजून त्याच्या शेवटी तिला तो बरोबर आला की नाही अशी शंका असायची. आई? एक पाय पुढे केला असता तरी त्या बोटांना लागला असता. तिने श्वास धरून ठेवला. पाय आत ओढून घेतला, अगदी हळू, आवाज होऊ न देता.

सासूबाईंची पावलं आली. त्यांना कडी कळली असावी, आणि कडीमागचंही काही कळलं असावं, कारण त्यांनी दार ढकलून पाहिलं नाही, हाकही मारली नाही. त्या वाकल्या, गुंडीची बोटं फटीतून एकेक करून सोडवून घेतली, आणि पोरीला समजावताना लावतात त्या लाडक्या, ठाम आवाजात म्हणाल्या,

"इथे कोणी नाही गं. रिकामं आहे. चल."